सुनेपुढं कसं?

वॉर्डात मी, संघरत्ना सिस्टर, तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण वडपे गावच्या अनंताकाकांनी मलाही चाट पाडलं.

तीन महिन्यांपूर्वी गोडाऊनमध्ये माल उतरवताना काका लोखंडी सळईवर पडले आणि मोठं आतडं अगदी खाली फाटलं. सर्जननी ते शिवलं, आणि जखम भरेपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावली. परवा ते तोंड पुन्हा आत जोडून पोट बंद केलं. आता सगळं एका वाऱ्यावर अडलं होतं. वारा सरला की जोड चांगला. मग पाणी, चहा आणि घर.

तिसरा दिवस उजाडला तरी काही नाही. पोट टम्म फुगलेलं. सर्जन म्हणाले, "दुपारपर्यंत बघू. नाहीतर स्कॅन, कदाचित पुन्हा ऑपरेशन." ऐकून सून हेमालीचा चेहराच उतरला. काकांची बायको वारलेली, मुलगा भावेश ड्युटीवर. तीच बिचारी दिवसभर स्टुलावर बसून असायची.

मी तिला औषधं आणायला पाठवलं आणि सलाईन बघायला वाकले, तर काका घाम पुसत कुजबुजले, "सिस्टर, वारा येतोय. कालपासून येतोय. मीच धरून ठेवलाय."

"का?" मी ओरडलेच.

"सूनबाय बसलेली असते ना! तीन महिनं त्या पिशवीनं जेवताना, पावन्यांसमोर, कवाबी आवाज काढला. माझ्या हातात काय न्हवतं. आता कुठं हातात आलंय, तर लगेच सुनंपुढं सोडू?"

हसावं की रागवावं, कळेना. धरून ठेवता येतंय म्हणजे सर्जनच्या कष्टाचं चीज झालं होतं, पण ते असं दाखवायचं?

"काका, ही अब्रू पुन्हा पोट फाडायला लावेल. सोडा आता!" मी पडदा ओढला.

मग जे झालं ते आजूबाजूच्या चारही खाटांनी ऐकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी चादर डोक्यावरून घेतली. मला तर इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायावर चापटच मारली.

पडद्यापलीकडे हेमाली औषधं घेऊन उभी होती. कधी आली, कोण जाणे. तिच्या हुंदक्यातून हसू फुटत होतं. पडदा न सारताच ती म्हणाली, "अजून येऊ द्या, बाबा. मी हितंच हाय."