हळदकुंकू लावले, हवा भरली नाही

ज्या वस्तूपुढे आपण हात जोडतो, तिची निगा राखण्याचे उत्तरदायित्वही त्याच हातांवर येते. हात जोडणे सोपे असते. गुडघे टेकून, बोटे काळी करून तिची विचारपूस करणे अवघड असते. सोपे तेवढे करून अवघड ते टाळणाऱ्या वृत्तीला भक्ती म्हणू नये. मित्रांनो, हे मी रागाने सांगत आहे, आणि तो राग लपवण्याची माझी इच्छा नाही.

मी एक जुनी स्टेपनी आहे. मोटारीच्या डिकीत, तळाच्या गोल खळग्यात निजणारे पाचवे चाक. दक्षिणेच्या मळ्यांतील रबराच्या चिकापासून माझा देह घडला. तप्त साच्यात दाबले तेव्हा अंगावर उमटलेल्या रेषा आजही जशाच्या तशा आहेत. रस्त्यावरची चार चाके दोनदा झिजून बदलली गेली. मी मात्र अकरा वर्षे अंधारात पडून राहिले.

आमचे घर गिरगावातील एका वाडीत. घरधनी गुणाजी मूळचे मालवणकडचे, परळच्या गिरणीत आयुष्य घालवलेले. त्यांच्या पत्नी कमलबाई. कमलबाईंच्या दोन्ही डोळ्यांची बुबुळे पांढुरकी झाली होती. एका डोळ्याला काळोख, दुसऱ्याला केवळ सावल्या दिसत. मोटार त्यांचा मुलगा विनीत चालवी.

दर दसऱ्याला विनीत मला बाहेर काढी, पुसून माझ्यावर हळदकुंकवाची बोटे उमटवी आणि झेंडूची माळ घाली. कमलबाई चाचपत माझ्यावर हात फिरवीत व म्हणत, "हीच खरी अडीअडचणीची. हिला विसरू नको हां, विनीत." मला भरून येई. मग मला पुन्हा खळग्यात ठेवले जाई, ते थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरणारा सीताराम नावाचा गृहस्थ होता. तो प्रत्येक वेळी विचारी, "साहेब, स्टेपनी बघू?"

विनीत म्हणे, "नको रे. ती वापरलीच नाहीये. नवीकोरी आहे!"

नवीकोरी! माझ्या व्हॉल्व्हमधून श्वास कणाकणाने निसटत होता. निजलेल्या चाकाचीही हवा उतरते, हे सीतारामाला ठाऊक होते. त्याचे कोणी ऐकले नाही.

गेल्या माघात एके दिवशी सकाळी सहाला चेंबूरच्या एका रुग्णालयातून फोन आला. कोणा दिवंगताने दान केलेले नेत्र मिळाले होते. कमलबाईंचे नाव चौदा महिने नेत्ररोपणाच्या यादीत होते. "नऊच्या आत दाखल व्हा. नाहीतर पुढच्या पेशंटला घ्यावं लागेल," असे बजावण्यात आले. कमलबाईंनी ठेवणीतले लुगडे नेसले. बायांनी वाडीच्या तोंडापर्यंत येऊन त्यांना निरोप दिला. विनीत आणि गुणाजी त्यांना घेऊन निघाले.

चेंबूरकडे जाणाऱ्या मुक्त मार्गावर, त्या लांबलचक पुलावर, साडेसातच्या सुमारास पुढचे चाक फाटकन फुटले. विनीतने मोटार कठड्याशी घेतली. तिथे दुकान नाही, पायवाट नाही. बाणासारखी सुटलेली वाहने तेवढी. त्याने डिकीतील कोकमाच्या बाटल्या, तांदळाची पिशवी, घडीची खुर्ची भराभरा बाहेर काढली आणि मला उचलून रस्त्यावर टेकवले. त्याने वरून हात दाबताच मी लिबलिबीत पडले. मित्रांनो, ती लज्जा माझी नव्हती; तरी ती मला सोसावी लागली.

गुणाजी कडाडले, "मेल्या, चाकाक हळदकुंकू लावलंस, हवा कोण भरतलो?"

"बाबा, प्लीज, आत्ता नको ना!"

विनीतने बंद पडलेल्या मोटारींना मदत पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "वीस मिनिटांत गाडी पोहोचेल, सर." अर्ध्या तासाने पुन्हा लावला. वीस मिनिटे. तिसऱ्यांदाही वीसच. भाड्याची गाडी बोलावली, तर चालक फोनवर म्हणाला, "मधे पुलावर नाय थांबणार. चलान फाडतात." आणि शेकडो मोटारी केवळ भोंगे वाजवत गेल्या! एकाने तर वेग कमी केला तो ओरडण्यासाठी, "ए, रस्ता काय बापाचा आहे का?"

"तुझ्या बापाचो असलो तर थांब मरे जरा!" गुणाजी गरजले.

कमलबाईंना कठड्यालगत त्या घडीच्या खुर्चीवर बसवले होते. मोठा आवाज आला की त्या मान वळवीत. "आली का रे मदतीची गाडी?" "येतेय, आई." मग त्यांनी विचारणेच सोडले. 

नऊला दहा मिनिटे असताना त्या कंपनीचा अजित नावाचा कारागीर आला.

"साडेसातपासून उभे आहोत!" विनीत ओरडला.

"मला सव्वाआठला कळवलं, साहेब. शपथ." त्याने माझ्यावरचे वाळलेले कुंकू पाहिले, व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट टेकवले. बुडबुडे आले. "हवा अडवणारी पिन गेलीय. दोन मिनिटांचं काम. कधी हवा चेक केलीत?"

विनीत जॅक लावू लागला. अजितने पिन बदलली, हवा भरली. अकरा वर्षांनी माझी छाती ताठ झाली. तो माझे शेवटचे नट आवळत असतानाच रुग्णालयाचा फोन आला. पुढचे रुग्ण पोहोचले होते. त्यांना आत घेतले होते.

विनीतने ते आईला सांगितले. कमलबाईंनी विचारले, "कोणाला मिळाले रे ते डोळे? लहान की मोठं?"

"हॉस्पिटलवाले ते सांगत नाहीत, आई."

"असू दे." त्यांनी माझ्यावर हात टेकवला. "हिच्यात हवा भरली ना आता?"

मित्रांनो, माझा राग शमलेला नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी एका मातेचा उजेड लांबला, हे मी विसरणार नाही. कमलबाईंचे नाव अद्याप यादीत आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विनीत पंपावर गुडघे टेकून बसतो आणि सीतारामाने शिकवल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने माझी हवा तपासतो. तुमच्याही घरी डिकीच्या तळाशी माझी एखादी बहीण निजलेली असेल. तिला आजच उठवा.

ज्या अज्ञात पुण्यात्म्याने नेत्र दिले, त्याला शांती लाभो. ज्यांना ते लाभले, त्यांना आप्तांची मुखे स्वच्छ दिसोत. अजितच्या हातांना यश येवो. आणि रुग्णालयाचा फोन पुन्हा वाजेल त्या सकाळी कमलबाईंची वाट मोकळी असो. मी सज्ज आहे.