पहिल्या क्रमांकाचा शेवट

रफूताईंच्या दुकानाच्या काचेवर दर वर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी एक कागद चिकटतो. सरलेल्या वर्षातले त्यांचे दहा आवडते चित्रपट, एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर एकच ओळ. दुकान जेमतेम दीड माणसाचं. एक माणूस म्हणजे ताई, आणि अर्धं म्हणजे गिऱ्हाईक, कारण त्याचा एक पाय पायरीवरच राहतो. कोटाला पडलेलं भोक ताई त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून असं विणून देतात की नंतर ते मालकालाच सापडत नाही. पण खरं सांगायचं तर निम्मे लोक त्या पायरीवर रफूसाठी येत नाहीत, चित्रपटावर बोलायला येतात.

यादीचे नियम तीन. चित्रपट थिएटरात बसून पाहिलेला हवा. शेवटच्या पाट्या संपून दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. आणि जो स्वतः पाहिला नाही, तो कितीही गाजलेला असो, यादीत नाही. तेवीस वर्षं ताईंनी हे पाळलं. म्हणून तर गल्लीच्या टोकाच्या एकपडदा थिएटरचे मॅनेजर यादीतला पहिला चित्रपट पुन्हा मागवून जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी लावतात, आणि कुठला चित्रपट आहे हे न विचारता लोक तिकीट काढतात. ताईंनी म्हटलंय ना, मग झालं.

निवृत्त मास्तर तेवढे दर वर्षी काचेपुढे उभे राहून चौथ्या आणि सातव्या क्रमांकावरून वाद घालतात. पण तिकीट त्यांचंही असतं, आणि तेही पहिल्या रांगेतलं.

गेल्या वर्षी मात्र मध्यावरच ताईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा लहानपणापासून अधू, सगळं काम उजव्यावर. शस्त्रक्रिया झाली, पडदा जागेवर बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात तेल भरलं. मास्तर बघायला आले तेव्हा म्हणाले, आता तुम्ही खरोखरच डोळ्यात तेल घालून बघणार. ताई हसल्या, पण वर बघून हसता येईना. दोन आठवडे पालथं पडून राहायचं होतं, तोंड खाली. डोकं खाटेच्या कडेबाहेर येईल असं दोन उशा लावून त्यांच्या मध्ये फट ठेवली होती आणि त्या फटीतून ताईंना घरातली दोन लाद्यांएवढी जमीन दिसायची, तीही पाण्याखाली असावी तशी.

ताईंचे यजमान बेकरीत पाव भाजतात. पहाटे साडेतीनला भट्टीपाशी उभं राहायचं, त्यामुळे संध्याकाळी सात वाजले की माणूस संपला. लग्न झाल्यापासून ताईंबरोबर ते प्रत्येक चित्रपटाला गेले आणि प्रत्येक चित्रपटात झोपले. घरी येताना ताई चालता चालता त्यांना गोष्ट सांगत. आपण किती चित्रपट पाहिले, असं कोणी विचारलं तर ते सांगत, पाहिले नाहीत, पण ऐकलेत शेकड्याने.

तर अशा माणसाने बायको पालथी पडलेली असताना एके दिवशी ठरवलं की आता आपण जायचं आणि हिला सांगायचं. ताईंनी विचारलं, अहो, तुम्ही जागे राहाल का? त्यावर ते म्हणाले, तू शेजारी असतेस म्हणून मला निर्धास्त झोप लागते. तू नसशील तर कशाला लागेल?

हे ताईंना पटलं. इतकं पटलं की पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही.

आणि पहिल्या चित्रपटाला ते खरोखर जागे राहिलेही. त्यासाठी त्यांनी युक्ती काढली होती: खुर्चीत बसायचंच नाही. शेवटच्या रांगेमागे, दारवानाच्या बाजूला भिंतीला टेकून अडीच तास उभं राहायचं. भट्टीपुढे उभं राहायची सवय होतीच. घरी आले की खाटेशेजारी जमिनीवर बसून, ताईंच्या फटीसमोर पाय पसरून गोष्ट सांगायची. ताईंना दिसायचे फक्त त्यांचे पाय. सांगताना कुठे रंगात आले की अंगठा हलायचा.

दुसराच चित्रपट होता तो. नदीवर लाँच चालवणारा म्हातारा आणि त्याची इंजिनिअर मुलगी. मुलगी त्याच नदीवर पूल बांधते आहे. पूल झाला की लाँच बंद, म्हणून बाप आठ महिने तिच्याशी बोललेला नाही. हा चित्रपट त्यांनी सांगितला ती संध्याकाळ साधी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासून सांगणार होते की पडदा धरला आहे की नाही. नसेल धरला तर दुकानाला कुलूप, आणि अंधार. ताईंनी दिवसभर देवाचं नाव घेतलं होतं, तरी भीती जात नव्हती.

यजमानांनी मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगितली आणि थांबले. ताई म्हणाल्या, मग? ते काही बोलेनात. ताईंना वाटलं, भरून आलं असेल. त्या पुन्हा म्हणाल्या, अहो, मग काय झालं?

मग त्यांनी सांगितलं. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी धुकं इतकं दाट पडलं की पुलावर गाडी घालायची कुणाची छाती होईना. पाहुणे एका काठावर, हार-तुरे दुसऱ्या काठावर. तेव्हा मुलगी एकटीच खाली धक्क्यावर आली. धुक्यात नुसता भोंगा वाजला. ती लाँचमध्ये चढली. बाप बोलला नाही, तीही बोलली नाही. पलीकडे पोचल्यावर तिने पैसे पुढे केले, आणि म्हाताऱ्याने तिकिटांच्या गठ्ठ्यातून तिला अर्धं तिकीट फाडून दिलं. लहान मुलांना देतात ते.

ताई उशांच्या फटीत रडल्या. मग शांत झोपल्या. सकाळी डॉक्टर म्हणाले, पडदा धरलाय, देवाची कृपा समजा.

वर्ष सरेपर्यंत डोळ्यातलं तेल काढून झालं, नवा चष्मा आला, ताई रोज तासभर सुई धरू लागल्या. आणि पहिल्या सोमवारी यादी लागली. वर लिहिलं होतं: यंदाचे पाच माझ्या डोळ्यांनी, पाच यांच्या. तेवीस वर्षांत नियम पहिल्यांदा मोडला होता, पण सांगून मोडला होता. पहिल्या क्रमांकावर नदीचा चित्रपट, आणि समोर ओळ: त्या अर्ध्या तिकिटासाठी हा पाहाच.

यादी लागण्यापूर्वी यजमानांनी दोनदा सुचवून पाहिलं होतं, की पहिला नंबर त्या दोन बहिणींच्या भांडणाच्या चित्रपटाला दिला तर? ताई म्हणाल्या, यादी माझी आहे, तुम्ही पावाचं बघा.

शुक्रवारी थिएटरचा दारवान कोटाचं कोपर रफू करायला घेऊन आला. काम होईस्तोवर काचेवरची यादी वाचत पायरीवर उभा राहिला. मग त्याने सहज विचारलं, की ताई, त्या नदीच्या चित्रपटात अर्धं तिकीट कुठे आहे हो? ताई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या, शेवटी, धुक्यात. तू बाहेर असशील तेव्हा. तो म्हणाला, तीन दिवसच चालला आपल्याकडे, नऊ खेळ झाले, नऊही वेळा मी आतच होतो. धुकं नाही, तिकीट नाही, मुलगी शेवटी दिसतच नाही. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो अगदी प्रेमाने म्हणाला, "भाऊंना तरी कसं दिसलं? त्यांना मीच खुर्ची दिली होती त्या दिवशी. उभं राहवत नव्हतं बिचाऱ्यांना. मध्यंतरानंतर मस्त घोरत होते."

ताईंनी कोपर पूर्ण केलं, धागा तोडला, कोट घडी करून दिला आणि दुकान बंद करून घरी गेल्या.

यजमान दुपारची झोप काढून उठत होते. ताईंनी एवढंच विचारलं, की ते अर्धं तिकीट कुठून आणलंत? त्यांनी उशी मांडीवर घेतली आणि खाली बघत राहिले. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणाले. मध्यंतरानंतर डोळा लागला तो दिवे लागल्यावर उघडला. घरी येताना ठरवलं होतं की सरळ सांगायचं, झोपलो. पण तू दोनदा 'मग' म्हणालीस.

ताई म्हणाल्या, "अहो, चाळीस-पन्नास माणसं परवा त्या तिकिटाची वाट बघत बसणार आहेत. माझ्या शब्दावर."

ताईंना राग कशाचा येत होता हे त्यांनाच नीट कळेना. नवऱ्याने फसवलं म्हणावं, तर त्याच फसवण्याच्या आधाराने ती रात्र पार पडली होती. पण यादी ही यादी होती. गळ्यातला ताईत म्हणा हवं तर, तेवीस वर्षं जपलेली. मॅनेजरना सांगून खेळ रद्द करावा, तर कारण सांगावं लागेल. गप्प बसावं, तर लोक म्हणतील ताईंची नजर गेली, चित्रपट कळेनासे झाले. आणि सगळं यजमानांवर ढकलावं, तर त्या माणसाला भर थिएटरात मान खाली घालावी लागेल. शनिवारी त्यांनी तीन कोट हातात घेतले आणि तिन्ही खाली ठेवले.

यजमान म्हणाले, मी उभा राहतो आणि सांगतो, की मी झोपलो होतो. ताई म्हणाल्या, यादीखाली सही कुणाची आहे?

रविवारी सकाळी थिएटरात लोक जमले. मास्तर पहिल्या रांगेत, औषधवाले सहकुटुंब, न्हावी दुकान बंद ठेवून आलेला. दिवे मालवायच्या आधी ताई पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कधी चार माणसांपुढे बोलल्या नव्हत्या. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून गळ्यातल्या कात्रीची दोरी धरली.

"यंदाच्या पहिल्या क्रमांकात माझी चूक झाली आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहिलेलं अर्धं तिकीट या चित्रपटात नाही. मी हा पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. ज्यांनी सांगितला ते मध्यंतरानंतर झोपले होते, आणि मी घाबरले होते म्हणून त्यांनी उरलेला मनाने सांगितला. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी माझ्याकडून घ्यावेत. मी आज तुमच्याबरोबर पहिल्यांदा बघणार आहे."

मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "बसा खाली, ताई. तेवीस वर्षं मी तुमची एक चूक शोधतोय, आज सापडली, आता सुखाने चित्रपट बघू द्या." थिएटर हसलं. शेवटच्या रांगेत यजमान भिंतीला टेकून उभे होते, त्यांना दारवानाने हाताला धरून ताईंच्या शेजारी आणून बसवलं. पैसे मागायला कुणी उठलं नाही.

ताईंनी तो चित्रपट पाहिला. यजमानांनीही, पहिल्यांदा, सगळा, कारण त्या दिवशी झोपायची त्यांची हिंमतच नव्हती. खऱ्या शेवटात म्हातारा उद्घाटनाच्या आदल्या पहाटे एकटा पुलावर जातो. कुणीही पाऊल ठेवायच्या आधी तो पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, कठड्यावरून हात फिरवत, जोडणीची एकेक जागा चाचपत. पलीकडे पोचतो, मागे वळून बघतो, आणि तिथेच पडदा काळा होतो. मुलगी नाही, बोलणं नाही. दिवे लागेपर्यंत कोणी उठलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मात्र मास्तरांनी यजमानांना घेरलं. ते तिकीट काय होतं, ते ऐकल्याशिवाय घरी जाणार नाही, म्हणाले. औषधवालेही थांबले, त्यांचं कुटुंबही. यजमान सुरुवात करू लागले, धुक्यापर्यंत आले आणि अडकले. भोंगा आधी की मुलगी आधी? पाहुणे कुठल्या काठावर? त्यांना आठवेना. त्या संध्याकाळी जे सुचत गेलं ते बोलले होते, त्यातलं त्यांच्यापाशी काही उरलंच नव्हतं. ते ताईंकडे बघू लागले.

मग ताईंनी सांगितलं. शब्दाला शब्द, यजमान कुठे थांबले होते तेही. लाँच काठाला लागल्याचा धक्का, पुढे केलेले पैसे, फाडलेलं अर्धं तिकीट. न्हाव्याने नाक ओढलं. औषधवाल्यांच्या कुटुंबाने डोळ्याला पदर लावला आणि म्हटलं, हे खऱ्यापेक्षा गोड आहे. मास्तर निघाले, आणि चार पावलांवर जाऊन परत येऊन म्हणाले, की चौथ्या क्रमांकावरून वाद घालायला उद्या येतो.

घरी जाताना यजमानांनी विचारलं, म्हातारा मुलीला भेटायला का गेला नाही? एवढा पूल चालला आणि तिच्या दारात गेला नाही.

"पूल तिनेच बांधला होता ना," ताई म्हणाल्या. "त्याच्यावर हात फिरवला, झाली की भेट."

ते म्हणाले, हे मला झोपेत सुचलं नसतं.

ताई दुकानापाशी थांबल्या, काचेवरचा कागद सोडवून आत नेला आणि पायरीवर बसून नवा लिहिला. दोन बहिणींचं भांडण पहिल्या क्रमांकावर गेलं. नदीचा चित्रपट चौथा, समोर ओळ: शेवटी हातांकडे बघा. वरच्या ओळीत पाचाचे सहा केले आणि यांचे पाचाचे चार. यजमान खांद्यावरून वाचत होते. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आणि माझा? तो कितवा?"

"तो यादीत बसत नाही," ताई म्हणाल्या. "यादी लोकांनी जाऊन बघावं म्हणून असते. तुमचा बघायला कुठे पाठवू त्यांना?"

यजमानांनी मान हलवली, ते पटण्यासारखंच होतं. ताईंनी कागद काचेला लावला, चारी कोपरे अंगठ्याने दाबले, आणि म्हणाल्या की चला, चहा घेऊ, मग तुम्ही झोपा. पहाटे भट्टी आहे.