कोरड्या फळ्यांची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. ग्रीसच्या एका लहानशा बेटावर याकूमिसच्या वडिलांनी मला बांधले. फळीला फळी बसवताना ते माझ्याशी बोलत असत. पुढे याकूमिसने माझ्यातून जाळी टाकली, बकऱ्या नेल्या, एकदा तर नवरी नेली. तेव्हा साऱ्या बंदरात माझा तोरा काही औरच होता! मग प्लास्टिकची नवी होडी आली आणि मी रेतीत जाऊन पडले. दोन उन्हाळे कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

यंदा मरियममातेच्या सणाला नेमकी ती नवी होडी बिघडली. याकूमिसचा मित्र स्त्रातिस मात्र शेजारच्या बेटावर जायचेच म्हणून अडून बसला होता. त्याची बायको फोतिनी हिची नजर जात चालली होती. सणाच्या दिवशी तिथल्या चर्चमध्ये चांदीचे डोळे वाहीन, असा नवस तो बोलला होता. म्हणून मला घाईघाईने निळा रंग फासला. काय देखणी दिसत होते मी! पण उन्हात वाळून माझ्या फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. लाकूड पाण्यात राहून फुगले, तरच त्या मिटतात. हे त्या बेटावरचे शेंबडे पोरही जाणते.

"कुंबारे, आठवडाभर तरी पाण्यात राहू दे तिला," याकूमिस म्हणाला. स्त्रातिसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने धर्मपिता म्हणून हातांवर घेतले होते. तेव्हापासून त्या घरात आणि त्याच्यात हीच हाक होती.

"आणि मातेला काय सांगू? सण पुढे ढकल म्हणून?"

"पाणी आत येईल रे!"

"येऊ दे की. हा सिदेरिस कशाला आहे? नुसती दारू ढोसायला? उपसेल तो."

तिसरा मित्र सिदेरिस हसला. "उपसतो बाबा. पण तिकडे पोचल्यावर बोकडाचं मटण मला दुप्पट!"

कुंबाऱ्याला नाही कसे म्हणायचे? याकूमिसने दोर सोडला.

अर्ध्या वाटेत उत्तरेचा वारा सुटला. सिदेरिसचे हसणे थांबले. तो डब्याने पाणी उपसत होता आणि मी तितकेच आत घेत होते. इंजिन भिजून बंद पडले.

"मागे फिरू या," याकूमिस ओरडला.

"नवसाला निघालेला माणूस मागे फिरत नाही. वल्ही घे!"

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने तरंगत होते. पण एका लाटेने मी काठोकाठ भरले. तिघेही माझ्या कडेला लोंबकळले. स्त्रातिसला पोहता येत नव्हते. एक हात त्याने चांदीचे डोळे ठेवलेल्या खिशावर दाबून धरला होता. दुसरा सुटला. याकूमिस त्याला हाका मारत राहिला.

संध्याकाळी दुसऱ्या होडीने आम्हाला ओढत आणले. लोकांनी माझ्यातले पाणी काढले, आणि मग एक थेंबही आत आला नाही. माझ्या फळ्या फुगल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता मी पुन्हा रेतीत आहे. मित्रांनो, ज्याच्यावर जीव सोपवाल त्याला नुसता रंग देऊ नका, वेळ द्या. माझे एवढे ऐका.

याकूमिस रोज सकाळी बादली आणतो आणि माझ्या फळ्या भिजवतो. कोणाला कुठे जायचे नसते, तरी भिजवतो. काल फोतिनी काठीने चाचपडत आली. पाण्याचा आवाज ऐकून म्हणाली, "कुंबारे, पुरे आता. घरी जा."

तो म्हणाला, "अजून थोडी कोरडी आहे गं."