दोन बोटं माया

प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा अख्खं घर त्याच्याकडे आशेने पाहतं. माझा तो क्षण मंगळवारी सकाळी सव्वाआठला आला. तेव्हा माझ्या हातात लोणी लावायची सुरी होती, कारण स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता.

कपडे वाळवायचं मशीन नुसतं घूं घूं करत होतं. आतलं पिंप ढिम्म. आणि पिंपात बायकोचा पांढरा कोट, चिंब ओला. अकरा वर्षं घर सांभाळून ती आज पुन्हा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रुजू होणार होती. दहाला हजर व्हायचं होतं. कोट जुनाच, पण सासूबाईंनी शिवताना आत दोन बोटं माया सोडली होती. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. काल त्यांनी तीच उसवून कोट लेकीच्या आजच्या मापाचा केला. मग आज सकाळी उत्साहाच्या भरात मी तो धुतला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

“दुसरा कोट नाही का?” मी विचारलं.

“आहेत की! रोज एक घालून भांडी घासते.”

बाहेर धुकं होतं. इस्त्री फिरवून पाहिली. वाफ निघाली, ओल जागची हलली नाही. मशीनच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना होती : जाणकाराला बोलवा. जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, शुक्रवारी.

शेवटी प्लग काढला आणि सुरीने मागचा पत्रा उघडला. आत पिंपाला फिरवणारा रबरी पट्टा तुटून साप मरून पडावा तसा पडला होता.

“सरका, जावईबापू,” सासूबाई चष्मा लावत म्हणाल्या. “शिवून टाकू.”

“आई, रबर आहे ते. परकर नाही.”

“मी नाडी घालते म्हटलं का?”

त्यांनी टेपने पट्टा मोजला आणि त्यांचा चेहरा पडला. “टोकावर टोक घेतल्याशिवाय टाका धरणार नाही. म्हणजे हा दोन बोटं आखूड होणार. मेल्यांनी मायाच ठेवलेली नाही!”

बायको दारात उभी होती, एका पायात बूट. “राहू दे,” ती म्हणाली. “कळवते त्यांना, जमत नाही म्हणून.”

आजच्यापुरतं कळवणार की कायमचं, हे तिने सांगितलं नाही. मी पुन्हा मशीनमध्ये डोकं घातलं. मोटरीशेजारी स्प्रिंगवर बसवलेलं एक छोटं चाक होतं, पट्टा ताणून धरणारं. दाबलं तर ते मागे सरकलं. चांगलं दोन बोटं.

“आई, माया इथे ठेवलीय.”

सतरा वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंनी माझ्याकडे कामाचा माणूस म्हणून पाहिलं. मग जाड सुई, मेण लावलेला दोरा, तीन पदरी टाके. मी दोन्ही हातांनी चाक दाबून धरलं, त्यांनी पट्टा चढवला. नऊ वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं.

पिंप फिरलं. शिवण चाकावरून गेली की ठक्. आम्ही तिघं स्टुलांवर बसून ते ठक् ऐकत होतो. एखादं चुकलं असतं तर तिघांचेही श्वास अडकले असते.

साडेनऊला कोट बाहेर आला, वाळलेला आणि ऊबदार. तिने घातला. सगळी बटणं लागली.

“काचतोय का कुठे?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“काचला तर सांग. बाहीत अजून बोटभर आहे.”

ती कोटाच्या खिशात हात घालून, मागे न बघता गेली.

संध्याकाळी आली ती बोलतच. साहेब वयाने लहान आहे, चहा वाईट आहे, आणि सुई एकदाही चुकली नाही. उद्या साडेनऊलाच बोलावलंय.

“आणि कोट?” सासूबाई म्हणाल्या.

“तो लॉकरमध्ये. तिथे कोट तेच देतात. कागदाचा असतो, एकदा घालून टाकून द्यायचा.”