चार चाकांची हवा

मला वाळूचं कोणी शिकवू नये. लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात तीन वर्षं ट्रक हाकलाय मी. वाळूत गाडी घालायची तर आधी चाकांतली हवा कमी करायची, आणि तीही पटापट, नायतर माणूस उन्हात करपून जातो. टम्म फुगलेलं चाक वाळूत रुततं. मऊ केलेलं चाक दमल्या बैलागत पसरून बसतं आणि वरच्यावर निघून जातं. आता यात न कळण्यासारखं काय हाय? पण सांगितल्याशिवाय कोणाला कसं कळणार, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाय आणि तिथंच माझं वाटोळं झालं.

मी भागोजी, नाते गावचा. तुळसा माझी बायको. सहा वर्षांमागं शिमग्याला माहेरी गेली ती परत आलीच नाय. भांडण झालं म्हणाल तर तेही नाय. लढाईवरून आलो तो मी बोलायचंच विसरलो होतो. जेवायचो, झोपायचो, ओट्यावर बसून राहायचो. भिंतीशी किती दिवस बोलणार ती? मी तिला आणायला एकदा चुलत्याला धाडलं, एकदा शेजारच्या कुशाबाला. दोघांनाही चहा पाजून तिनं वाटेला लावलं. "ज्याला बायको पायजे, त्यानं स्वतः यावं," म्हणाली. मला आला राग. जा उडत, म्हटलं. त्या रागात चार वर्षं घालवली. घरात एकच ताट, एकच तांब्या. सांगायला लाज वाटते, पण सांजेला घरी जायला भ्या वाटायचं.

मग यंदा चैतात पोलादपूरला तिचा भाऊ चांगू भेटला. म्हणाला, "दाजी, ताई म्हणते, तुम्ही स्वतः आलात तर येते. शुक्रवारी गाठोडं बांधून बसंल."

मी आंबेनळी घाटाच्या रस्त्याच्या कामावर ठेकेदाराची जीप चालवायचो. हात जोडून अर्ध्या दिवसासाठी ती जीप मागून घेतली. दाढी केली, धुवट सदरा घातला आणि निघालो.

तिचं माहेर सावित्रीच्या पलीकडं. पूल नाय. चैतात पाणी घोट्यापर्यंत, पण दोन्ही अंगाला वाळूच वाळू. अलीकडच्या काठावर गाडी उभी केली तर पलीकडं तुळसा दिसली. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं, शेजारी चांगू. हात वर करावा का, असं मनात आलं, पण अलीकडं घाट उतरून आलेली चार माणसं सावलीला बसली होती, त्यांच्यासमोर कसा करायचा? मी मुकाट खाली उतरलो आणि कामाला लागलो. चाकाच्या हवेच्या नळीचं झाकण काढायचं, आतली पिन फिरवून उपसायची, फुस्स करून हवा सुटली की मनात आकडे मोजायचे, पिन परत बसवायची. चारी चाकं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील. फौजेतला हात होता, स्वतःवरच खूश झालो.

मान वर केली तर काठावर एकटा चांगू.

जीप घातली वाळूत. भर्रकन पलीकडं. "काय रे, ताई कुठं गेली?"

"घरात. दार लावून बसली, दाजी. तुम्ही हवा कशापायी सोडलीत? आपल्याकडं कोणाची सायकल अडवायची तर लोक हवा सोडतात. ताई म्हणाली, इथवर येऊन यांचं मन फिरलं, आता गाडी पंक्चर झाली म्हणतील."

अरे देवा! मी धावत सुटलो. दाराबाहेर उभा राहून सगळं सांगितलं, आफ्रिका, वाळू, चाकं. सहा वर्षांत बोललो नव्हतो एवढं एका दमात बोललो. दार उघडलं. तुळसा उंबऱ्यात उभी, डोळे लाल.

"एक हाक मारायची होती," ती म्हणाली.

काय म्हणून मारणार हाक? लग्नाला सोळा वर्षं झाली, मी कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. घरात 'ऐकलंस का'नं भागतं, नदीपलीकडं भागत नाय.

"अगो, पण गाडी आली ना? खोटं बोलत नाय मी."

"खरं असंल तुमचं," ती म्हणाली. "पण तुम्ही चाकापाशी बसलात तसं माझ्या मनात पहिलं काय आलं? वाईटच आलं ना? ज्या माणसाबद्दल पहिलं वाईटच मनात येतं, त्याच्या संगती मी त्या घरात कशी राहू? जा तुम्ही."

चांगूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, मी घोटभर प्यायलो आणि गाडीत बसलो.

हवा सोडलेलीच होती. अख्ख्या वाळूत जीप एकदासुद्धा रुतली नाय. रुतली असती तर वाडीची माणसं ढकलायला आली असती, दोर आणला असता, तीही काठावर आली असती, निदान घटकाभर तरी. मी मुद्दाम हळू घेतली. तरी गाडी अलगद पार झाली.