पोपटांचा रंग

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, आणि आज मला घाई आहे. पाळण्याला मेल्याला कसली घाई, असं म्हणून हसू नका. शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

निजामाचं राज्य गेलं आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतरच्या दिवसांत बोरी गावच्या मुंजाजी सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. माणूस मोठा बोलका होता. रंधा मारतानासुद्धा माझ्याशी गप्पा मारायचा. शेवटी त्यानं दोन लाकडी पोपट कोरले, त्यांना हिरवा रंग दिला, चोची लाल केल्या आणि ते माझ्या वरच्या दांडीला टांगले.

"रंग कच्चाच दिलाय बरं का," तो म्हणाला. "लेकरं वढतील, चोखतील, रंग जाईल. पोपट उघडे पडले की समज, तुझं सोनं झालं."

किती गोड वाटलं म्हणून सांगू! कुणाची मूठ पहिल्यांदा पोपटाला लागते, याचीच मी वाट पाहू लागलो.

मला मानवतला आणलं. तिथं मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा कापसाचा कारखाना होता. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना तिथं रेचे म्हणत. एकेका रेच्यापुढे एकेक बाई बसायची, नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर कापूस घालत राहायची. ज्यांची लेकरं अंगावर पिणारी, त्यांच्यासाठी कंपनीनं एक खोली बांधली होती. त्या खोलीत आम्ही पाळणे ओळीनं उभे राहिलो. भिवराबाई नावाची म्हातारी लेकरं सांभाळायला होती.

हंगाम सुरू झाला आणि पाळणे भरले. पण माझ्या पोपटांकडे कुणी पाहिलंच नाही. पाहणार कसं? लेकरांचे डोळेच मिटलेले. सकाळी आया लेकरं ठेवून गेल्या की भिवराबाई कनवटीची पुरचुंडी सोडायची आणि करंगळीनं प्रत्येकाच्या ओठाआत कणभर काळं काहीतरी लावायची. अफू होती ती, मित्रांनो. बाजारात उघड मिळायची. लोक तिला बाळगोळी म्हणत.

भिवराबाई दुष्ट होती का? छे! लेकरांना घास भरवावा तशी ती गोळी लावायची आणि वर त्यांची अलाबला घ्यायची. पण लेकरू रडलं की आई रेच्यावरून उठते, आई उठली की मुकादम ओरडतो, हे तिला पाठ झालं होतं. तिचा एकच दंडक होता, "गोळी माझ्याच हातानं. दोन हात झाले की घात झाला."

दुपारी पाजायला बायका येत तेव्हा त्यांचं खरं बोलणं माझ्या कानी पडे. कडूबाई माझ्यातल्या अंगदची आई. लेकरू मांडीवर घेऊन ती म्हणायची, "घरी सासू गाऊ देत न्हाई, हितं मशीन गाऊ देत न्हाई. रात्री खोकले तर कापूस निघतोय तोंडातून." मग ती हसायची, बाकीच्याही हसायच्या. घंटा झाली की सगळ्या निमूट उठायच्या.

अंगदच्या आधीही कितीतरी वर्षं अशीच गेली होती. दरवर्षी नवी लेकरं आली, तशीच झोपली, आणि पोपट मात्र कोरे करकरीत राहिले. मला त्या रंगाची भीती वाटू लागली.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या, म्हणजे अंगदच्याच हंगामात मुंबईहून मोठा साहेब येणार असं ठरलं. कामावरची माणसं आनंदात आहेत की नाहीत, हे त्याला स्वतः पाहायचं होतं. झालं! भिंतींना चुना लागला, आमच्यावरची धूळ गेली. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ना, त्यातला प्रकार. आदल्या संध्याकाळी बन्सीधर मॅनेजर खोलीत आला आणि बायकांना म्हणाला, "उद्या ज्या बाईचं लेकरू रडेल, तिनं परवा फाटकावर यायचं नाही."

कडूबाईचा नवरा त्या साली अंथरुणाला खिळला होता. चूल तिच्याच कामावर पेटायची.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगदला माझ्यात ठेवलं. वाकून इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्या ओठाआत बोट फिरवलं. "आजच्या दिस उगा राह्य रे माज्या राजा," ती पुटपुटली आणि पळाली. भिवराबाई पाणी भरायला गेली होती. ती आली, पुरचुंडी सोडली आणि नेहमीसारखी एकेका पाळण्यापाशी थांबत माझ्यापाशीही थांबली.

नको, नको, म्हणून मी ओरडलो असतो. पण लाकूड मी. माझी फक्त दांडी करकरली. "तेल घालाया पायजे याला," म्हातारी म्हणाली आणि तिनं करंगळी अंगदच्या ओठाला लावली.

दुपारी बायका पाजायला आल्या तेव्हाच साहेब आला. माणूस भला दिसत होता. "अरे वा, एकही मूल रडत नाही!" तो म्हणाला. मग माझे पोपट न्याहाळून म्हणाला, "इतक्या वर्षांत रंगसुद्धा गेला नाही. छान सांभाळलंय." बन्सीधर फुलून गेला. माझ्यातल्या अंगदचा श्वास मात्र लांब लांब पडत होता. एक आला की दुसरा येतो का नाही, याकडे मी कान लावून होतो.

"बाई, कामावर खूश आहात ना?" साहेबानं कडूबाईला विचारलं.

"लय खुशीत हाव, सायब," कडूबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं माझ्यात पाहिलं.

अंगदचे ओठ निळे झाले होते.

ती किंचाळली. त्या खोलीत एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माज्या लेकराला काय झालं वो! सकाळी म्या गोळी दिली व्हती, एवढीशीच!"

भिवराबाईच्या हातातला तांब्या पडला. "माय गं! म्या बी दिली की!"

साहेबाचीच मोटार डॉक्टरला आणायला धावली. तोवर बायकांनी लेकराच्या तळव्यांना गार पाणी लावलं, कांदा फोडून नाकाशी धरला, कान पिरगाळले. डॉक्टर आला. लेकराला हलवायला वेळ नव्हता, म्हणून माझ्यातच त्यानं उपचार केले. रेचे थांबले. मुकादम, हमाल, सगळे दाराशी गोळा झाले. ज्या कारखान्यात लेकराचं रडू चालत नव्हतं, तो सगळा कारखाना आता एका रडण्यासाठी श्वास रोखून उभा होता.

दिवस कलताना अंगद रडला. बारीक, चिरका आवाज, पण किती सुंदर! कडूबाई माझ्यावर ओणवी झाली. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अंगदनं ओली मूठ वर केली, ती पोपटाला लागली आणि थोडासा हिरवा रंग तिला चिकटला. मुंजाजी, माझं सोनं झालं रे, असं मला ओरडावंसं वाटलं.

साहेब खाली मान घालून गेला. मुंबईत त्यानं काय सांगितलं, कुणास ठाऊक. कडूबाईला पुन्हा फाटकातून आत घेतलं नाही. ती लेकराला घेऊन माहेरी मेंढरांमागे गेली, असं ऐकलं. भिवराबाईनं पुरचुंडी चुलीत टाकली, आणि मग तीही दिसली नाही.

यंदा दिवाळीनंतर नव्या हंगामाला खोली पुन्हा उघडली. लेकरं सांभाळायला नवी बाई आली आहे. बन्सीधरनं माझे पोपट रंगवून घेतले. अंगदच्या मुठीची खूण बुजली.

आज सकाळी एका आईनं आपली मुलगी माझ्यात ठेवली. ठेवताना तिनं इकडंतिकडं पाहिलं. मुलीच्या ओठाला तोच कडू वास येतो आहे. नवी बाई पलीकडच्या पाळण्यापाशी पुरचुंडी सोडते आहे. आता इकडेच येईल.

मित्रांनो, शांत लेकरू म्हणजे सुखी लेकरू, असं कधी समजू नका. आणि तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल, तर जरा धावत या हो. हिला उठवा.