उकंडरावांच्या रेडिओची चार वस्त्रं

उकंडरावांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं वडनेर भोलजी तिथं लोटलं होतं. मुक्या रेडिओला वाचा फोडणारे धूपबाबा आले होते ना!

गावात वीज नवी आणि रेडिओ एकच. उकंडरावांनी तो देवाशेजारच्या कोनाड्यात भिंतीला चिकटवून बसवला, हळदकुंकू वाहिलं, वर मखमलीचं वस्त्र पांघरलं. तासाभरात स्वारी मुकी! धूपबाबा आले, ‘देवतेले झोपू द्या’ म्हणून बटण बंद केलं, अर्धा तास काहीबाही पुटपुटले, बटण लावलं, तर रेडिओ गाऊ लागला. झालं, बाबांची चांदी! दर खेपेला मंत्र, दर खेपेला वर आणखी एक सिद्ध वस्त्र. आता वस्त्रं चार झाली होती आणि रेडिओ पाव तासातच मान टाकत होता. एवढं साधं कुणाच्या डोक्यात येईना, कारण डोकी सगळी बाबांच्या पायावर होती.

आज बाबांनी डोळे मिटून नवाच शोध लावला. ‘ओम् फट् स्वाहा! या घरात पांढऱ्या पायाची बाई हाये. तिची सावली पडली का वाणी बंद!’

सगळ्या माना शालूबाईकडे वळल्या. लग्नाला चार महिने झालेली सून. संध्याकाळी रेडिओ लावला की पाव तासानं चहा घेऊन येणारी तीच. सासू झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. उकंडराव खाली मान घालून म्हणाले, ‘उद्याच्या यष्टीनं जळगाव जामोदले जाय पोरी. आता माहेरीच राह्य.’

शालूबाई पुढं आली. एक खोकं बोलेना म्हणून संसार मोडायचा? रडण्याआधी तिचा रागच बाहेर पडला.

‘जातो मी, मामाजी. पन आधी बाबाइले सांगा, त्या पेटीवर हात ठिवा म्हनून.’

‘त्यात काय मोठं!’ बाबांनी ऐटीत वस्त्रांखाली हात घातला आणि ‘मेलो वं माय!’ करत बाहेर ओढला. पोरंठोरं खी खी हसली.

‘कोप! देवीचा कोप!’ बाबा बोटं चोखत ओरडले.

‘कोप नाई, ताप हाये. काल पुसतानी मलेबी चटका बसला.’ शालूबाईनं चारही वस्त्रं ओढून काढली आणि रेडिओ ओसरीच्या मधोमध आणला. ‘मांगून पाह्या. आत काचेच्या नळ्या कशा पेटल्या हायेत! त्याईची गरमी जायासाठीच ही भोकं. भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकलं तं भाकर गरम राह्यते. तुमी याच्यावर चार टाकले, अन् भोकं भिंतीले लावले. तापून काही सुटत असंन आत, निवलं का जुळत असंन. बाबाचा मंत्र म्हनजे निवायचा येळ!’

‘खोटी हाये ही!’ बाबा कडाडले.

‘मंग पारखून घ्या.’

तिनं बटण बंद करून सुपानं वारा घातला. मंत्र एक नाही. थोड्या वेळानं बटण लावलं, रेडिओ बोलला. मग ती त्याच्यासमोरच फतकल मारून बसली, सावली अशी की खोकं पुरतं झाकावं. बाजारभाव झाले, भजन झालं, बातम्या झाल्या. दोन तास रेडिओचं तोंड मिटलं नाही.

‘आता पुन्हा भिंतीले लावा, चारही घाला वरून. मी चालली शेजारी जनकाबाईकडं.’

पाव तास भरायच्या आतच रेडिओ गप्प. सून घरात नव्हती, सावली नव्हती. लोकांनी बाबांकडे पाहिलं, तर बाबांच्या जागी नुसती धुपाटणी. मागच्या दारानं पसार!

उकंडराव स्वतः जनकाबाईच्या दारात गेले. ‘चुकलो पोरी. घरी चाल.’

‘येतो, मामाजी. पन रेडिओ तापला तं मले धाडून राह्यले होते तुमी. उद्या गाय आटली, परवा इहीर आटली, तं कोनाले धाडसान? बाबानं सांगतलं का आधी इचारत जा, काऊन, कशापायी? अन् मानूस घराबाहीर काढाच्या आधी एकडाव सोता हात लावून पाह्यत जा.’